शेऱ्याचा रकाना

उत्तमराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरड शहापूरला एका घराच्या गच्चीवर डिश फिरवत होतो. खालून घरमालकीण ओरडत होती, "आलं… आलं… गेलं," आणि वरून मी स्क्रू पिळत होतो. फोन उत्तमरावांच्या मेव्हण्याचा होता. सकाळी आंघोळ करून बाहेर आले, खुर्चीत बसले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत सगळं संपलं, एवढंच त्यानं सांगितलं. मी डिश तशीच सोडून खाली उतरलो. त्या बाईचा टीव्ही पुढं दोन दिवस बंद राहिला आणि तिनं मला जे बोलायचं ते बोलूनही घेतलं. खरं सांगतो, त्या घटकेला मला रडू आलं नाही, राग आला. आठच दिवसांपूर्वी आमचं भांडण झालं होतं आणि ते अर्धं राहिलं होतं. भांडण म्हणजे भांडलो मी, उत्तमराव ऐकत होते. माणसानं असं अर्ध्यावर उठून जाऊ नये… आता महिना होऊन गेला, तरी माझी चिडचिड काही कमी होत नाही. ती कुणावर आहे ते मात्र आता मला नीट कळलंय, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो.

उत्तमराव सिद्धेश्वर धरणावर वायरलेस ऑपरेटर होते. पावसाळ्यात पाण्याची पातळी तासातासाला वरच्या कार्यालयाला कळवायची, वर येलदरीहून पाणी सुटलं की निरोप घ्यायचा, गेजच्या रजिस्टरात ओळीनं नोंदी करायच्या, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. वायरलेसचं एक असतं. बटन दाबलं की आपण बोलायचं, आणि जोवर बटन दाबलेलं आहे तोवर समोरच्याचं आपल्याला ऐकू येत नाही. बटन सोडावं तेव्हा त्याचा आवाज येतो. ही सवय त्यांच्या हाडात मुरली होती. घरी असोत, चहाच्या टपरीवर असोत की विहारातल्या बैठकीत, समोरच्याचं पूर्ण झाल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. आणि उघडण्याआधी विचारत, "झालं का तुमचं बोलून?" नवख्या माणसाला तो टोमणा वाटायचा. त्यावरून एका लग्नात मुलाकडची मंडळी रुसून बसल्याचं मला आठवतं. पण उत्तमरावांना खरोखरच तेवढंच विचारायचं असे, की बटन सोडलं का?

आणि त्यांची गाठ पडली माझ्याशी. मी बोलायला लागलो की आमच्या घरचे कुकरच्या शिट्ट्या मोजून होईपर्यंत थांबत नाहीत, उठून निघून जातात. औंढ्याला नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शन बघायचं तर पंधरा-वीस फुटी पाइपावर अँटेना आणि त्याला बूस्टर लागायचा, आणि तो बसवायला औंढा तालुक्यात मीच लागायचो. सेनगावकडूनही जीप करून लोक न्यायला यायचे. पाइप उभा, त्यावर अँटेना आडवा, तोंड परभणीकडं. डोळे मिटून बसवत होतो. घराच्या छपरावर नुसतं बघून मी सांगू शकायचो की हा माझ्या हातचा आहे की दुसऱ्या कुणाच्या.

उत्तमराव पहिल्यांदा दुकानात आले ते एक मोठा मल्टीबँड रेडिओ घेऊन. कुणीतरी हैदराबादेहून आणून दिलेला होता. सेल बदलूनही बोलत नव्हता. मी तो खोलला, गंजलेली पट्टी घासली आणि लावला. लावल्यावर कुठला पट्टा चालतो, कुठला नाही, हे बघता बघता त्याचा काटा विमानाच्या पट्ट्यावर गेला. रेडिओची दांडी वर खेचलेली होती. खरखर, खरखर, आणि एकदम एक माणूस इंग्रजीतून काही आकडे बोलला आणि गप्प झाला. उत्तमराव स्टुलावरून उठून उभे राहिले. त्यांच्यासोबत त्यांची मुलगी सुजाता होती, चौथी-पाचवीतली. तिनं विचारलं, "बाबा, ह्यो कोण बोलून राहिला?" उत्तमरावांनी दुकानाच्या पत्र्याबाहेर जाऊन वर बघितलं. तीही गेली. मग मीही गेलो. आभाळात बारीकशी पांढरी रेघ पूर्वेकडं सरकत होती.

त्या दिवसापासून त्यांनी वही घातली. धरणावरच्या रजिस्टरासारखेच रकाने आखलेले. तारीख, वेळ, कुठून कुठं, दिसलं की नुसतं ऐकलं, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात 'ढग' किंवा 'वारा' किंवा 'जेवत होतो'. बापलेक दोघं मिळून ती वही भरायची. आवाज आणखी खणखणीत यावा म्हणून मी त्यांच्या क्वार्टरवर माझा उत्तम अँटेना बसवून दिला आणि त्याची वायर रेडिओला जोडली. आवाज होता तो पण गेला. मी म्हणालो बूस्टर खराब असेल. बूस्टर बदलला. मग म्हणालो वायर खराब असेल. शेवटी ते सगळं काढून टाकलं, दांडी पुन्हा वर खेचली, आणि आवाज आला. त्यावर मी माझं मत दिलं की चिनी रेडिओला बाहेरचा अँटेना मानवत नाही. उत्तमरावांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि "बराबर हाय" म्हणाले. ही गोष्ट मी इतक्या तपशिलानं का सांगतोय ते पुढं कळेल. मला कळायला पंधरा वर्षं लागली.

सुजाता शिकली आणि नव्या विमान कंपन्या निघाल्या त्या काळात औरंगाबादेला जाऊन कोर्स करून एका कंपनीत केबिन क्रू म्हणून लागली. तालुक्याच्या गावात यावर काय काय बोललं गेलं ते लिहीत नाही. लोक तोंडावर 'हवाई सुंदरी' म्हणायचे आणि हसायचे. उत्तमराव त्यांचं हसून होईपर्यंत थांबायचे आणि मग शांतपणे सांगायचे, "सुरक्षेचं काम हाय तिचं. दीडशे माणसं असतात तिच्या जिम्म्यावर." आठवड्यातून दोन-तीनदा तिची मुंबई-भुवनेश्वर फेरी असायची आणि त्या विमानाची वाट आमच्या डोक्यावरूनच होती. आदल्या संध्याकाळी तिचा फोन यायचा, "बाबा, उद्या अकरा-चाळीसला." दुसऱ्या दिवशी उत्तमराव साडेअकरालाच गच्चीवर. पण अकरा ते बारा या वेळात आमच्यावरून तीन-चार विमानं जातात. खालून सगळी सारखीच, आणि पावसाळ्यात तर चार महिने ढगापलीकडं काहीच नाही, नुसती घरघर. त्यातलं लेकीचं कोणतं? रेडिओवर पायलट एखाद्याच वेळी बोलायचा, आणि बोलला तरी त्या इंग्रजीतून नंबर पकडणं आमच्या कुवतीबाहेरचं.

मग सुजातानंच एकदा सांगितलं की आता विमानं आपला नंबर, उंची, जागा स्वतःच हवेत सोडत असतात, आणि घरी बसून तो पकडणाऱ्या पेट्या परदेशात मिळतात. पेटी कॉम्प्युटरला जोडायची, पडद्यावर विमानाचा नंबर येतो. उत्तमराव तेव्हा नुकतेच निवृत्त होऊन औंढ्याला बसस्टँडमागं दोन खोल्या बांधून राहायला आले होते. ते माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "दत्तराव, ही पेटी पाहिजे. तिचं विमान वहीत बराबर नंबरासकट आलं पाहिजे." सुजाताला घरच्यांसाठी दरवर्षी फुकट प्रवास मिळायचा. ती दरवर्षी म्हणायची बाबा एकदा बसा, आई तयार आहे. यांचं ठरलेलं उत्तर, "आधी नोंद, मग प्रवास." नोंद झाल्याशिवाय पाणी सोडलं असं धरणावर कधी झालं नाही, तसंच हे. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. आपण दोन महिन्यांत पेटी उभी करू आणि यांना विमानात बसवून देऊ, असं मी चारचौघांत बोलूनही गेलो.

दोन महिने! नुसतं कोणती पेटी घ्यायची हे ठरवण्यात दोन वर्षं गेली. एक पेटी विलायतेत तयार मिळायची, जोडा आणि बघा, पण महाग, आणि ती मागवली तर वाटेत कुठं अडकेल याचा नेम नाही. दुसरा जर्मनीहून येणारा किट, म्हणजे सुटे भाग आणि आपण घरी बसून डाग द्यायचे. उत्तमरावांचा कल तयार पेटीकडं होता. माझा किटकडं, कारण हातात डाग द्यायचा कैया घेऊन बसायची मला हौस. आम्ही हिंगोलीला जाऊन नेट कॅफेत बसायचो, पानंच्या पानं छापून आणायचो, आणि यायच्या आत त्या पानांतलं काहीतरी जुनं झालेलं असायचं. तयार पेटी एकदा ठरली तर तिला कॉम्प्युटरच्या मागं जे भोक लागतं ते नांदेडहून जुळवून आणलेल्या आमच्या कॉम्प्युटरला नव्हतं. दुसऱ्या जातीची पेटी ठरली तर ती बनायची बंद झाली. मुंबईच्या एका दुकानदारानं फोनवर विचारलं की तुमच्याकडं विमानतळ आहे का, आणि नाही म्हटल्यावर फोन ठेवला. एका फॉर्मवर 'वापराचा हेतू' असा रकाना होता. मी सांगत होतो की संशोधन लिहा, छंद लिहा. उत्तमरावांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मुलगी विमानात कामाला आहे.' फॉर्म परत आला. माझं डोकं फिरलं. त्यांनी नवा फॉर्म घेतला आणि तेच वाक्य पुन्हा लिहिलं, या वेळी जरा मोठ्या अक्षरात.

शेवटी किट ठरला. ठरला म्हणजे मी ठरवला. मी इतका वेळ बोललो की उत्तमरावांनी "झालं का तुमचं बोलून?" असं विचारलं आणि मी नाही म्हणालो आणि पुन्हा बोललो, मग ते म्हणाले, "घ्या मग किटच." किट आला तो चार महिन्यांनी, डबा चेपलेला, त्यात एक भाग कमी. तो भाग यायला आणखी दोन महिने. मी डाग दिले, एकही चुकला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. आता राहिला अँटेना. तो किटमध्ये नव्हता, आपला आपण बनवायचा होता. केबलचे बोटाएवढे तुकडे मापात कापून एकापुढं एक जोडायचे आणि नळाच्या पांढऱ्या पाइपात घालायचे. त्याचं चित्र आम्ही हिंगोलीहून छापून आणलं होतं. कॅफेच्या प्रिंटरनं कागद आडवा छापला होता, त्यामुळं चित्रातला पाइपही आडवाच दिसत होता. कागद सरळ धरला की अक्षरंही कुशीवर पडलेली दिसायची, पण ती बारीक इंग्रजी अक्षरं वाचायची गरज मला काय? अँटेना आडवाच असतो. मी माझ्या ठरलेल्या पद्धतीनं गच्चीवर वीस फुटी पाइप उभा केला आणि त्याच्या डोक्यावर तो पांढरा पाइप आडवा कसला.

उत्तमराव खाली शिडी धरून उभे होते. माझं वरचं काम झालं, मी उतरलो, हात पुसले. त्यांनी विचारलं, "झालं का तुमचं?" मी म्हणालो झालं. मग ते वर बघत म्हणाले, "दत्तराव, धरणावरचा आमचा अँटेना उभा होता. हेबी उभं करून बघावं का?"

मी हसलो. आज त्या हसण्याची मला लाज वाटते. मी म्हणालो, "उत्तमराव, तुमचा बोलायचा अँटेना होता, हा ऐकायचा हाय. बोलणारा उभा राहतो, ऐकणारा आडवा पडतो. अख्ख्या तालुक्यात माझा एक तरी अँटेना उभा दाखवा." ते हसले. वाक्य झकास होतं, पुढं टपरीवर ते महिनाभर चाललं. कीर्तनात झोपलेल्या माणसाला बघून लोक म्हणायचे, तो ऐकतोय. आणि वाक्य इतकं झकास असल्यामुळं ते चूक असेल हे माझ्या मनातही आलं नाही. दूरदर्शनच्या लहरी आडव्या यायच्या म्हणून माझे अँटेना आडवे, इतकी साधी गोष्ट. विमानाच्या लहरी उभ्या येतात. रेडिओची उभी दांडी ऐकत होती आणि माझा आडवा अँटेना लावला की बहिरी होत होती, हे मी पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. पण आपण जे काम डोळे मिटून करतो ते काम डोळे उघडून बघायची बुद्धी होत नाही.

पेटी मेलेली असती तरी एक वेळ बरं झालं असतं. ती मधूनच एखादी ओळ दाखवायची. अर्धवट आकडे, नंबर नाही, जागा नाही, आणि गेली. म्हणजे आशा सुटत नव्हती. मग मी पॉवर सप्लाय बदलला. क्रिस्टल बदललं. केबल बदलली, जाड आणली, ती सेनगावच्या जीपवरून आली तेव्हा ड्रायव्हरनं त्याच केबलनं सामान बांधलं होतं. पेटी फ्रिजपासून लांब नेली. कॉम्प्युटर बदलला. त्यात लोडशेडिंग, त्याचं वेळापत्रक दर आठवड्याला नवं आणि दर आठवड्याला नेमकं अकरा-चाळीसला गाठणारं. म्हणून बॅटरी आणली. बॅटरी आली तर पावसाळ्यात माकडांनी केबल तोडली. दोन वर्षं आम्ही त्या घरातली प्रत्येक वस्तू बदलली. बदलला नाही तो एक पाइप, कारण तो मी बसवलेला होता. उत्तमराव रोज साडेअकराला पडद्यासमोर बसायचे, चष्मा पुसायचे, अर्धवट ओळ आली की वहीत वेळ लिहायचे. पेटीसाठी नव्यानं आखलेल्या 'विमान' या रकान्यात ते कधी काही लिहीत नसत, कारण खात्री नसलेली नोंद करायची नाही हा त्यांचा नियम होता. सुजाता फोनवर विचारायची, आज दिसले का मी? ते म्हणायचे, "अजून न्हाई." फुकट प्रवास त्या वर्षीही गेला, पुढच्या वर्षीही गेला.

आणि तो शेवटचा दिवस. सुजाताचा फोन आलेला होता, आभाळ निरभ्र, लाइट होती, सगळं होतं. अकरा-चाळीसला विमान डोक्यावरून गेलं, आम्ही दोघांनी खिडकीतून रेघ बघितली, आणि पडदा कोरा. माझा तोल गेला. मी म्हणालो हा किटच भिकार, जर्मनांनी आपल्याला फसवलं, तुम्ही तेव्हाच तयार पेटीसाठी हट्ट धरायला पाहिजे होता, तुम्ही काही बोलतच नाही, सगळं माझ्यावर सोडता, फेकून द्या हे सगळं पूर्णा नदीत. उत्तमरावांच्या पत्नी वत्सलावहिनी आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. मी खूप बोललो. उत्तमरावांनी दोनदा तोंड उघडल्यासारखं केलं आणि मिटलं. मी थांबायची ते वाट बघत होते. मी थांबलोच नाही, बोलत बोलतच चपला घातल्या आणि बोलत बोलतच फाटकाबाहेर गेलो. त्यांना मी पुन्हा जिवंत पाहिलं नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे पांगल्यावर वत्सलावहिनींनी मला आत बोलावलं. टेबलावर पेटी होती आणि शेजारी तीन वह्या. "हे घेऊन जा भाऊ," त्या म्हणाल्या, "मला बघवत न्हाई." मी पेटी आणि वह्या दुकानात नेल्या. दोन दिवस उघडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून शेवटची वही उघडली. तारीख, वेळ, विमान कोरं, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' म्हणून मारतात त्या दोन छोट्या रेघा. त्याच्या वर त्याच दोन रेघा. मी वर वर गेलो. प्रत्येक ओळीला त्याच. पानाच्या डोक्याशी वाक्य होतं, त्यांच्या त्या सरळ टपोऱ्या अक्षरात:

'अँटेना उभा करून बघणे. दत्तरावांचं बोलणं झाल्यावर विचारणे.'

मी मागचं पान उलटलं. खाली सगळ्या रेघा, डोक्याशी तेच वाक्य. त्याच्या मागचं पान, तेच. रजिस्टराचा नियम असतो की पान उलटलं की 'वरीलप्रमाणे' चालत नाही, वाक्य पुन्हा पूर्ण लिहावं लागतं. उत्तमरावांनी ते दर पानाला पूर्ण लिहिलं होतं. मी मागं जात जात दुसऱ्या वहीत गेलो, दोन वर्षं मागं, ज्या दिवशी मी ते झकास वाक्य बोललो होतो त्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. म्हणजे त्यांना एकदा विचारून समाधान झालं नव्हतं. त्यांना पुन्हा विचारायचं होतं. ते दोन वर्षं माझं बोलणं संपायची वाट बघत बसले होते आणि मी बटन सोडलंच नाही… मला त्यांचाही राग येतो, अजून येतो. अहो, मध्ये तोडायचं होतं मला. दटावायचं होतं. स्वतः शिडी लावून दोन स्क्रू ढिले करायचे होते, धरणावर सव्वीस वर्षं उभ्या अँटेनाखाली बसलेला माणूस तुम्ही. पण अँटेना हे दत्तरावांचं खातं आणि दुसऱ्याच्या खात्यात हात घालायचा नाही, एवढी अदब त्यांच्यात होती. असल्या अदबीला काय करावं?

मी दुकानाचं शटर ओढलं आणि पेटी आणि वह्या बगलेत मारून त्यांच्या घरी गेलो. सुजाता अजून तिथंच होती, दुसऱ्या दिवशी निघणार होती. मी शिडी लावली, वर गेलो, दोन स्क्रू ढिले केले आणि पांढरा पाइप उभा केला. पाच मिनिटांचं काम. खाली येऊन पेटी जोडली. दुपारचे साडेबारा झाले होते. आधी एक ओळ आली. मग दुसरी. मग खाली खाली ओळी येतच गेल्या, पूर्ण, नंबरासकट, उंचीसकट, नागपूरकडची, हैदराबादकडची, आम्हाला कधी दिसलीही नव्हती अशी लांबची विमानं. सुजाता माझ्या मागं उभी राहून एकेक नंबर मोठ्यानं वाचायला लागली. हे दिल्लीचं, हे कोलकात्याचं, हे आमच्याच कंपनीचं. वाचता वाचता थांबली.

"काका," ती म्हणाली, "हे आधी काहून न्हाई झालं?"

या प्रश्नाला मी काहीही सांगू शकलो असतो. माझ्याकडं माकडं होती, लोडशेडिंग होतं, जर्मन होते. तिला यातलं काही कळत नव्हतं, तिनं मानलंही असतं. मी तिच्यापुढं वही उघडून धरली. तिनं डोक्याचं वाक्य वाचलं, मग बोट खाली नेलं, रेघांवरून, पान उलटलं, पुन्हा पान उलटलं. खूप वेळ. मी म्हणालो, "त्यांना माहीत होतं. मी त्यांना बोलू दिलं न्हाई." आणि नंतर आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं डोळे पुसले, वही मिटून आईच्या हातात दिली आणि म्हणाली, "आई, परवा माझी फेरी हाय. अकरा-चाळीसला बस या पेटीपुढं."

त्या परवाच्या दिवशी मी सव्वाअकरालाच गेलो. वहिनींना इंग्रजी येत नाही, पण सुजातानं त्यांना कागदावर आपल्या विमानाची तीन अक्षरं आणि आकडे लिहून दिले होते, ते त्यांनी पडद्याच्या कडेला चिकटवले होते. अकरा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी ती ओळ आली. वहिनींनी कागदाशी एकेक अक्षर ताडून बघितलं, दोनदा. मग वही ओढली आणि त्या रकान्यात, जिथं दोन वर्षं काही लिहिलं गेलं नव्हतं, लेकीच्या विमानाचा नंबर काढला, चित्र काढावं तसा. विमान डोक्यावरून गेलं. मग त्यांनी पेन माझ्याकडं दिलं. शेऱ्याचा रकाना तुमचा, म्हणाल्या. मी लिहिलं, 'अँटेना उभा केला. चूक माझी. दत्तराव.'

तीन दिवसांनी पुन्हा गेलो तर नंबर आलेला, वेळ लिहिलेली, आणि शेऱ्यात वहिनींनी दोन छोट्या रेघा मारलेल्या. त्याच्या पुढच्या फेरीलाही त्याच. मी म्हणालो वहिनी, आता शेरा कोरा ठेवला तरी चालेल. त्या म्हणाल्या, "ते असंच करायचे." पुढच्या महिन्यात त्या सुजाताबरोबर भुवनेश्वरला जाऊन येणार आहेत, नोंद झाली आता, म्हणतात. त्या वर असतील त्या दिवशी वही मी भरायची आहे. उत्तमरावांनी सोडलं तेव्हा त्या पानावर नऊ ओळी शिल्लक होत्या, आता दोन राहिल्यात. नव्या पानावर रेघा चालत नाहीत. माझ्या चुकीचं ते वाक्य पुन्हा पूर्ण लिहावं लागेल, दर पानाला, आणि ते मीच माझ्या हातानं लिहायचं असं वहिनींनी सांगून ठेवलंय. बराबर हाय. पेन त्यांनी वहीतच ठेवलंय.